पाणी पाजण्याआधी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पशुवैद्य नाही. तरी आज जखमी वन्यजीवांबद्दल बोलायला उभा आहे, कारण माझ्या हातून एक घार मेली आहे.

काही वर्षांपूर्वीची संक्रांत. पुण्यात आमच्या बिल्डिंगमागच्या झाडावर मांजात अडकलेली घार लटकत होती. आम्ही बांबूने मांजा ओढून तिला खाली काढलं. चोच उघडी, धाप लागलेली. अम्मी म्हणाली, "प्यासी है बेटा, पानी पिला." तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मी ड्रॉपरने तिच्या चोचीत पाणी सोडलं. थोड्याच वेळात ती गेली.

नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. वरून ओतलेलं पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकतं. चोच उघडी होती ती तहानेने नव्हे, भीतीने आणि वेदनेने. मांजा ओढल्यामुळे पंखाची जखमही खोल गेली होती. ती तशीही वाचली नसती, असं मी मनाला सांगून पाहिलं. पटलं नाही. माझ्याकडे दया होती, माहिती नव्हती.

दिल्लीच्या वझिराबादमधले नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ तुम्हाला माहीत असतील. शौनक सेन यांची 'ऑल दॅट ब्रीद्स' ही 2022 ची डॉक्युमेंटरी त्यांच्यावरच आहे. तरुणपणी त्यांना एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या दवाखान्याने ती घेतली नाही, कारण ती मांसाहारी! या भावांचा धंदा साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा. पण ते शिकत गेले आणि तळघरातल्या त्याच कारखान्यात घारींवर उपचार करू लागले. पुढे हजारो पक्षी त्यांच्या हाताखालून गेले. दिल्लीत सदका म्हणून घारींना मांस टाकण्याची रीत जुनी आहे. या भावांनी त्या भावनेला शिकण्याची जोड दिली.

आपल्याला ऑपरेशन करायचं नाही. पहिला अर्धा तास सांभाळायचा आहे. पक्षी मांजात अडकला असेल तर मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, अंगात रुतलेला तसाच राहू द्या. अंगावर जाड कापड टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. नख्यांपासून जपा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. पाणी नको, खाणं नको, सेल्फी नको. मग वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. झाड उंच असेल तर स्वतः चढू नका, अग्निशमन दलाला बोलवा.

दोन वर्षांपूर्वी दुसरी घार सापडली, तेव्हा मी एवढंच केलं. उपचार केंद्रात तिच्या पंखाला टाके पडले. मग मोठ्या पिंजऱ्यात उडण्याचा सराव झाला. दीड महिन्याने सापडली त्याच भागात तिला सोडायचं ठरलं. माझी भाची म्हणाली, "मामू, हिला आपणच ठेवू या ना." वन्यजीव घरात पाळणं 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी तिला सांगितलं. पण मला आठवली ती दुसरी हदीस, मांजरीला कोंडणाऱ्या बाईची. तिने मांजरीला खायला दिलं नाही आणि स्वतःचं पोट भरायला मोकळंही सोडलं नाही. मोकळं सोडणं हीसुद्धा आपली जबाबदारी आहे.

खोकं उघडलं. घार क्षणभर बसून राहिली आणि उडाली. भाची रडली. मीही.

आणखी एक. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानांत मिळतो आणि आपलीच पोरं तो विकत घेतात. या संक्रांतीला आधी त्यांच्याशी बोला. आणि आत्ता, बसल्या जागी, 1926 मोबाइलमध्ये सेव्ह करा. मी थांबतो.