निंबोळी तेल आणि पाण्याची गाठ



२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून जहाल औषधाचा डबा घरात आला की आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून आम्ही गटातल्या बाया सुरुवातीच्या फवारणीला निंबोळी तेल धरतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्यातही निंबोळीची औषधं असतात.

"त्यानं काही होत नाही," असंही कानावर येतं. पुष्कळदा मिसळणं चुकलेलं असतं. तेल थेट पंपात ओतलं तर वर तरंगतं. पंप तळातून ओढतो. मग आधी नुसतं पाणी जातं, किडी तशाच राहतात, आणि शेवटच्या झाडांवर तेलच पडून पानं करपतात.

तेल-पाण्याची गाठ साबण बांधतो. १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली तेल आणि १५ ग्रॅम साबणाचा चुरा घ्या. आधी अर्धा लिटर कोमट पाण्यात साबण विरघळवा. त्यात तेल थोडं थोडं सोडत रवीनं घुसळा. दुधासारखं पांढरं झालं की मगच पंपात ओतून पाणी भरा.

आपल्याकडं विहिरी-बोअरचं पाणी बरेचदा जड असतं. त्यात साबण फाटतो, फेस येत नाही. अशा वेळी साठवलेलं पावसाचं पाणी किंवा साबणाऐवजी रिठ्याचं पाणी वापरा.

फवारण्याआधी थोडं मिश्रण काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवा. वर तेलाचा थर आला तर पुन्हा घुसळा. फवारतानाही पंप मधूनमधून हलवा. आधी चार-पाच झाडांवर मारून दोन दिवस पाहा. दर वेळी ताजंच मिश्रण करा आणि संध्याकाळी फवारा. उन्हात निंबोळीचा गुण लवकर जातो, शिवाय संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात.

दुकानातल्या ॲझाडिरॅक्टिनच्या बाटलीत मिसळण्याचा घटक आधीच असतो. त्यात साबण घालू नका, लेबलावरचं प्रमाण पाळा.

हे तेल मावा, तुडतुडे, पांढरी माशी आणि लहान अळ्यांसाठी आहे. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत ते पोचत नाही. तिथं त्याच्या भरवशावर राहू नका.

तेल झाडाचं असलं तरी तोंडाला फडकं, हातात मोजे हवेतच. बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

येत्या बैठकीत एक बाटली, थोडं तेल आणि आपल्या विहिरीचं पाणी घेऊन बसा. कुणाच्या पाण्यात तेल धरतं, कुणाच्या नाही, ते सगळ्याजणी मिळून पाहा.