नाली एका प्रभागात, मत दुसऱ्या प्रभागात

आजचा विषय ऐकून पुढचा भाग लावू नका. नगरपरिषदेचं बजेट आणि मतदार यादी. कोरडं वाटतं, पण आमच्या घरात यावरून दोन महिने चर्चा चालू आहे, म्हणून सांगतो.

मी पुण्यात कोड लिहितो, घर आर्वीला. चार वर्षांपूर्वी आम्ही गावातल्या गावात भाड्याचं घर सोडून स्वतःच्या घरात आलो. आईनं आधारवरचा पत्ता बदलला, गॅसचा बदलला, बँकेतला बदलला. मतदार यादीतला तेवढा राहिला. २०२४ ला लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळा ती जुन्या शाळेत जाऊन मत देऊन आली. काही अडलं नाही. अडणार कसं? गावाच्या या टोकाला राहा की त्या टोकाला, आमदारकीचे उमेदवार तेच असतात.

नगरपरिषदेत तसं नाही. शहराचे प्रभाग पाडतात, एका प्रभागातून साधारण दोन नगरसेवक, आणि नगराध्यक्ष सगळ्या शहरातून थेट. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे करतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. निवडणुकीची घोषणा झाली ४ नोव्हेंबरला. म्हणजे घोषणा ऐकून जे जागे झाले, त्यांना चार महिने उशीर झाला होता. त्यात आम्हीही आलो. घरात एक इंजिनिअर असून!

प्रचारात एक पोरगा दारी आला. आई त्याला घरासमोरची तुंबलेली नाली दाखवत होती. त्यानं मोबाइलवर तिचं नाव टाकलं आणि म्हणाला, "काकू, तुमचं नाव आमच्या प्रभागात नाही दाखवून राहिलं." मग हो हो करत पुढच्या घराला गेला. मला त्याचा राग नाही, दिवसाला शंभर घरं करायची असतात त्याला. पण आईचा चेहरा उतरला. "घरटॅक्स मी इथला भरतो, अन् मत तिकडं काहून?" असं ती मला विचारत होती, जसं काही यादी मीच बनवली.

मतदानाच्या दिवशी ती जुन्या प्रभागात गेली. नगराध्यक्षाचं मत तिच्या कामाचं. बाकीची दोन मतं तिनं अशा लोकांना दिली जे तिच्या गल्लीत कधी येणारच नाहीत. नगरसेवक सगळ्या रहिवाशांचा असतो हे खरं आहे, कागदावर. पण नालीच्या मागणीमागं किती मतं उभी आहेत, हे बजेटच्या वेळी कोण बघत नाही?

आणि या वर्षीचं बजेट साधं नाही. आपल्या जिल्ह्यात सहा नगरपरिषदा: वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी रेल्वे. आधीची निवडणूक २०१६ च्या शेवटी झाली होती. मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला, आणि सगळीकडे प्रशासक बसले. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं गाडी हलली. तोपर्यंत गावाचं बजेट एकही निवडून आलेला माणूस सभागृहात नसताना मंजूर होत होतं. आता इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नगरसेवक त्यावर बोलणार.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून खरी जुळवाजुळव जानेवारी-फेब्रुवारीत होते. मागणी करायची तर आत्ता. मार्चमध्ये अर्ज दिला तर पोचेचा शिक्का मिळतो, बाकी काही नाही. लेखी द्या, मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, शेजारच्या पाच-दहा घरांच्या सह्या घेऊन.

बजेटची प्रत हातात आली की शेवटचा एकूण आकडा बघू नका, तो नेहमीच मोठा असतो. तीन रकाने बघा: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, या वर्षीचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षीचा अंदाज. नाल्यांसमोर दरवर्षी तरतूद मोठी आणि प्रत्यक्ष खर्च किरकोळ दिसला, तर काय चाललंय ते समजा. तरतूद म्हणजे काम नव्हे. आणि पैसा कुठला तेही विचारा, कारण सगळा पैसा मोकळा नसतो. पंधराव्या वित्त आयोगात छोट्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. त्यातून चौकात कमान उभी करता येत नाही, कोणी कितीही म्हणो.

आता यादीचं. कार्ड खिशात आहे म्हणजे मत आहे, हा सगळ्यात मोठा गैरसमज. यादीत नाव नसेल तर कार्ड काही कामाचं नाही. उलट नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, यातलं काहीही चालतं. घरी येते ती चिठ्ठी फक्त नंबर शोधायला, ते ओळखपत्र नाही.

पहिल्यांदा नाव घालायचं तर फॉर्म सहा. पत्ता बदलला, नाव चुकलं, कार्ड हरवलं, तर फॉर्म आठ. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, नाही जमलं तर १९५० ला फोन लावा. अठरा पूर्ण व्हायला आता पुढच्या जानेवारीची वाट बघावी लागत नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झालेल्यांना आधीच अर्ज टाकून ठेवता येतो. आणि माझ्यासारखे जे पुण्यात राहतात आणि नाव गावात ठेवतात, त्यांनी आपण खरं कुठले रहिवासी आहोत ते एकदा ठरवा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यानं चालत नाही. माझं अजून ठरलं नाही, खोटं कशाला बोलू.

आईचा फॉर्म आठ परवा भरला. ओटीपी तिच्या फोनवर, फोन स्वयंपाकघरात, मी पुण्यात, वीस मिनिटं गेली. गल्लीतल्या अजून चार घरांचं असंच निघालं, त्यांचेही अर्ज आई माझ्याकडून करून घेऊन राहिली आहे. नालीचा अर्ज वेगळा दिला, त्याची पोच तिनं देवघरातल्या डब्यात ठेवली आहे. बीएलओ मॅडम बुधवारी चौकशीला येतो म्हणाल्या आहेत.