सांगोल्याची वारसा फेरी



सांगोल्यात वारसा पाहावयास निघणाऱ्यांची एक अडचण होते. येथे जे सर्वांत मोठे घडले, ते सांगितल्यावाचून कळत नाही. मुंबईत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 साली हलविण्यात आला, तरी चौकाचे ‘काळा घोडा’ हे नाव टिकले. 2017 साली तेथे स्वाराविना नवा घोडाही उभा राहिला. सांगोल्याच्या भुईकोटाचे भाग्य असे नाही. म्हणून येथील फेरीत वाटाड्याचे काम अधिक जोखमीचे आहे.

फेरीचा आरंभ किल्ल्यापासूनच व्हावा. शाहू महाराजांचे निधन डिसेंबर 1749 मध्ये झाले. पुढच्याच वर्षी प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी सांगोल्यात बंडाचा पवित्रा घेतला. सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना बरोबर घेऊन चालून आले, यमाजीपंत नमले आणि सप्टेंबर 1750 मध्ये येथेच तो प्रसिद्ध करार झाला. राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे गेली, साताऱ्याकडे मान तेवढा उरला. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेली ही ओळ आपल्याच तालुक्याच्या गावची आहे, हे त्यांना तटाजवळ उभे करून सांगावे. वर्गात सांगून ते मनावर ठसत नाही.

‘सोन्याचे सांगोले’ हे नावही तेथेच उलगडावे. 1802 साली होळकरांच्या पठाणांनी लुटण्यापूर्वी गाव एवढे संपन्न होते, अशी गॅझेटियरातील नोंद आहे. किल्ला विजापूरकरांनी बांधला, असे सांगतात. वाटाड्याने ‘असे सांगतात’ हे शब्द गाळू नयेत. ऐकीव व लेखी यांतला भेद मुलांना याच वयात कळला पाहिजे.

उघड्यावरील शिल्पांत जुने व नवे दोन्ही यावे. अकरा वेळा विधानसभेवर निवडून आलेले गणपतराव देशमुख यांच्या पुतळ्याचे सांगोल्यात 13 ऑगस्ट 2023 रोजी अनावरण झाले. पुतळ्याखाली नाव असते, त्यामुळे तेथे फार बोलावे लागत नाही.

नाव नसते ते वीरगळाला. महाराष्ट्रात गावोगाव देवळाच्या आवारात वा वेशीजवळ हे दगड उभे असतात. ते खालून वर वाचावयाचे. सर्वांत खाली पडलेला वीर किंवा लढाई. गाई कोरल्या असतील तर त्या सोडविताना तो कामी आला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गी नेतात. वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात, म्हणजे कीर्ती ते असेपर्यंत. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की तो सतीचा दगड. अशा दगडांना भाविकपणे तैलरंग फासला जातो व त्याखाली कोरीव रेषा बुजतात. कधी जीर्णोद्धारात ते पायातच जातात. हेतू चांगला असतो, हानी मात्र कायमची होते.

फेरी पुढे वाहनाने नाझऱ्यास न्यावी. ‘हरिविजय’, ‘रामविजय’ व ‘पांडवप्रताप’ लिहिणारे श्रीधरस्वामी तेथलेच. ज्या घरांत पोथी लागते, तेथील मुलांना तरी हे ठाऊक असावे.

पंचायतीने एक वही घालावी. प्रत्येक दगडाची जागा, उंची, तोंड कोणत्या दिशेस, शेजारी काय आहे, एवढे लिहून छायाचित्र चिकटवावे. बांधकामास परवानगी देण्यापूर्वी ही वही उघडावी. खोदकामात जुनी नाणी निघाली, तर 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.