आधी भिंतीतली तार बघा



दिवाळी जवळ आली की घरोघरी नव्या ओव्हनचा विषय निघतो. पूर्वी नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीत रांग लावावी लागे, आता ती घरातच भाजतात आणि छान भाजतात. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते त्या ओव्हनबरोबर हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल : "जुना याच प्लगवर चालत होता, मग नवा का नाही चालणार?"

मी आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या मुलांना शिकवतो. त्यांना पहिल्याच आठवड्यात जे गणित घालतो, तेच आज तुम्हाला घालतो. तुमचा जुना ओटीजी समजा 1200 वॉटचा होता. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, म्हणजे तो साधारण 5.2 अँपिअर प्रवाह घ्यायचा. आता तुम्ही ओट्याखाली बसणारा 3000 वॉटचा बिल्ट-इन ओव्हन आणलात. तो 13 अँपिअर घेतो. प्रवाह अडीचपट झाला. पण तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे तीच तार आता सव्वासहापट तापणार! प्लग तोच, स्विच तोच, भिंतही तीच. आणि तापणारी तार भिंतीच्या पोटात, आपल्या नजरेआड.

चाळीचा लाकडी जिना आठवा. रोजची दोन-चार माणसं चढतात, उतरतात, जिना कधी कुरकुरत नाही. एके दिवशी त्याच जिन्यावरून अख्खी वरात वर न्यायची म्हटली, तर कालपर्यंत जिना ठीक होता हे उत्तर चालेल का? तार म्हणजे तो जिना. मिक्सर धावत वर जातो आणि दोन मिनिटांत खाली येतो. ओव्हनची वरात पाऊणपाऊण तास जिन्यावर उभी असते. शिवाय त्याच जिन्यावर फ्रिज, पाण्याचा फिल्टर आणि हल्ली इंडक्शनची शेगडी आधीपासून उभी असते, कारण जुन्या स्वयंपाकघरांत सगळे प्लग एकाच तारेवरून लूप करून घेतलेले असतात.

म्हणून म्हणतो, ओव्हन घ्यायला जाण्याआधी भिंतीतली तार बघा. तुम्ही स्वतः बोर्ड उघडू नका, परवाना असलेल्या माणसाकडून उघडून घ्या. मेन स्विच बंद करून त्याने पॉवर प्लगचे स्क्रू काढले की जवळ उभे राहून बघा. तारेवरचं प्लॅस्टिक टर्मिनलपाशी तपकिरी झालंय का? बोटाने वाकवलं तर पापडासारखं तुटतंय का? बेकेलाइटला पिवळा डाग पडलाय का? तसं असेल तर तिथला स्क्रू ढिला आहे आणि ती जागा आधीच तापते आहे. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची तार निघाली, तर ही शंका दुप्पट धरा. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड ढिला पडतो. अशा तारेवर 3 किलोवॉटचा ओव्हन लावायचा नाही, याबाबत मी कुणाची भीड ठेवत नाही.

काय हवं ते सरळ सांगतो. ओव्हनसाठी डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य वीजपेटीपासून, थेट आलेली, मध्ये कुठेही न फुटणारी, स्वतंत्र, चार एमएमची तांब्याची तार. तिला 20 अँपिअरचा एमसीबी. ओव्हन मोठा असेल तर प्लगच्या भानगडीत न पडता गिझरला असतो तसा डीपी स्विच. सहा अँपिअरच्या प्लगमध्ये सोळाची पिन बसवणारे कन्व्हर्टर दुकानात मिळतात, ते ओव्हनसाठी घरात आणूच नका.

एमसीबीचं तर आणखी नीट ऐका, कारण इथे भले भले चुकतात. एमसीबी हा त्या जिन्याच्या तळाशी बसवलेला राखणदार आहे. ओव्हन सांभाळणं हे त्याचं काम नव्हे, जिना सांभाळणं हे त्याचं काम. नवा ओव्हन लावला, एमसीबी वारंवार पडू लागला, की कुणीतरी सुचवतं, "सोळाचा काढा, बत्तीसचा घाला." म्हणजे राखणदार बदलला, गर्दीला मोकळीक दिली आणि जिना तसाच जुना! मग एमसीबी पडत नाही, तार जळते. कृपा करून हे करू नका. एमसीबी मोठा करायचा तर आधी तार मोठी हवी.

तीच गोष्ट आरसीसीबीची. 30 मिलिअँपिअर गळती दिसली की तो वीज तोडतो. नव्या ओव्हनच्या हीटरमध्ये कधीकधी दमट हवेने ओल धरलेली असते, त्यामुळे तो पडतो. मग लोक त्याला बायपास करून मोकळे होतात. ओल असेल तर ती सुकवण्याचे उपाय आहेत, पण आरसीसीबी काढणं हा उपाय नव्हे. माणसाचा जीव वाचवणारं घरातलं ते उपकरण आहे.

आता अर्थिंग. ओव्हनचा सांगाडा लोखंडी पत्र्याचा आणि आपले हात ओट्यावर ओले. प्लगला तिसरं, मोठं भोक आहे म्हणजे त्यामागे तार आहे असं मुळीच समजू नका. कित्येक बोर्डांत ते भोक रिकामं असतं. काही ठिकाणी तर न्यूट्रलचाच तुकडा तिथे जोडून दिलेला असतो, आणि तो प्रकार रिकाम्या भोकापेक्षा घातक, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर ओव्हनचा सगळा पत्राच जिवंत होतो. 

तेव्हा एवढंच करा. वीजबिलावर 'मंजूर भार', म्हणजे घराला एकूण किती वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा, छापलेला असतो, तो बघून ठेवा. दुकानात ओव्हनच्या पाटीवरचे वॉट वाचा आणि कागदावर उतरवून घ्या. पैसे भरण्याआधी तो कागद परवानाधारक तारतंत्र्याला दाखवा आणि त्याच्याकडून बोर्ड उघडून तार तपासून घ्या. तार बदलायची निघाली, तर ओव्हन महिनाभर उशिरा आणा.