रिपोर्ट आला, पण कोणाच्या नावावर?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पांसमोर रक्त-लघवीचा विषय काढतोय, क्षमा असावी. पण समोर साठी ओलांडलेली मंडळी बरीच दिसताहेत, आणि रिपोर्टांनी फुगलेली पिशवी प्रत्येक घरात असणारच.

मोठ्या हॉस्पिटलात साधारणपणे दोन संगणक प्रणाली असतात. एक डॉक्टरांची, तिच्यात तुमचे आजार, औषधं, ॲलर्जी. दुसरी लॅबची, तिला 'एलआयएस' म्हणतात; तिच्यात कोणती नळी कोणाची, निकाल काय, तो कोणी तपासला. या दोघींचं बोलणं नसेल, तर कोणीतरी कागद बघून आकडे टाइप करतं. क्रिॲटिनिन १.४ चं ४.१ झालं, की ठीकठाक माणूस डायलिसिसच्या दाराशी उभा!

जोडणी असेल तर डॉक्टरांनी तपासणी लिहिताच लॅबला निरोप जातो. नळीवर बारकोड चिकटतो. मशीन तो वाचतं, काय तपासायचं ते लॅबच्या संगणकाला विचारतं आणि आकडा परत देतं. पॅथॉलॉजिस्टने मान्य केला, की तो डॉक्टरांच्या पडद्यावर. या निरोपांची भाषा 'एचएल-सेव्हन', १९८७ पासूनची. निरोपात रुग्ण कोण, तपासणी कोणती, आकडा, एकक आणि निकाल कच्चा की अंतिम, हे सगळं ठरलेल्या जागी असतं. कल्चरच्या रिपोर्टला तर हे फार महत्त्वाचं, कारण पहिला निकाल एका दिवसात येतो आणि पक्का त्यानंतर.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, याला मात्र मी जोडणी म्हणत नाही. संगणकाला तो जवळजवळ फोटोच. त्यातून तीन वर्षांचा आलेख निघत नाही.

आपल्या शहरात नारायणगुड्याला २०१८ मध्ये सरकारची 'तेलंगणा डायग्नॉस्टिक्स'ची मध्यवर्ती प्रयोगशाळा सुरू झाली. रक्त बस्ती दवाखान्यात घेतात, नळी तिकडे जाते, तपासणी मोफत, रिपोर्ट मोबाइलवर. चांगली सोय आहे. पण घरातल्या चौघांना मुलाचा एकच मोबाइल नंबर दिलेला असेल, तर कोणता रिपोर्ट कोणाचा?

खरी अडचण तारेत नाही, नावात आहे. आणि ती आपल्यालाच जास्त. इथे घराण्याचं नाव आधी, तेही आद्याक्षराने. आपलं आडनाव शेवटी, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. समजा, सुनंदा विनायक जोशी. एका काउंटरवर त्या 'जे. सुनंदा', दुसऱ्यावर 'व्ही. सुनंदा', बँकेच्या जुन्या विम्यात माहेरच्या नावाने. वय कुठे ७१, कुठे ७३. संगणकाच्या लेखी या तीन बायका! क्रिॲटिनिन तीन वर्षांत ०.८ वरून १.०, मग १.३ झालं, पण तीन फायलींत. चढ कोणालाच दिसला नाही आणि गुडघ्याच्या दुखण्यावर वेदनाशामक गोळ्या चालूच राहिल्या. उलट प्रकार त्याहून वाईट: सारख्या नावाच्या दोघांची एकच फाइल. तिथे रक्तगटही दुसऱ्याचा लागू शकतो.

तपासण्यांच्या नावांचंही तेच. कोणी 'एफबीएस' लिहितो, कोणी 'फास्टिंग शुगर'. म्हणून अमेरिकेत इंडियानापोलिसच्या रेगनस्ट्रिफ संस्थेने १९९४ मध्ये 'लॉइंक' हे सांकेतिक क्रमांक सुरू केले. उपाशीपोटीच्या साखरेचा १५५८-६. एककही सोबत लागतं. लेकीकडे लंडनला गेलात तर तिथली ७ साखर म्हणजे आपली १२६. तिथला कागद बघून खूश होऊन मोदक खाऊ नका!

आपल्या सरकारनेही २०१६ च्या सुधारित मानकांत लॉइंक स्वीकारलं आहे, आणि या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. नियम तयार आहेत. छोट्या लॅबपर्यंत ते पोचलेले मला फारसे दिसत नाहीत.

२७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेत 'आभा' हा १४ अंकी क्रमांक मिळतो. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या नोंदी त्याला जोडता येतात, आणि तुमच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. तो काढताना नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच द्या, आणि पुढे लॅबच्या काउंटरवरही तेच सांगा. वय नको, जन्मतारीख. हॉस्पिटलचा जुना नोंदणी क्रमांक पाकिटात ठेवा. 'पेशंट नवीन की जुने?' असं विचारल्यावर क्रमांक शोधायचा कंटाळा म्हणून 'नवीन' म्हणू नका. दुसरी फाइल तिथेच उघडते.