अल रॉबर्ट्सची जबानी



1945 सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘डीटूर’ नावाचा चित्रपट लागला. जेमतेम 68 मिनिटांचा. रस्त्याचं काम चालू असलं की आपल्याकडे ‘पर्यायी मार्ग’ अशी पाटी लावतात, तोच डीटूर. काढला होता पीआरसी या कंपनीने. हॉलिवूडमध्ये अगदी तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्या कंपन्यांना मिळून ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे गरिबांची आळी म्हणत. पीआरसीची गणना त्या आळीतही तळाला व्हायची. तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. त्यातला दुसरा, भरीचा चित्रपट पुरवायचा, हा या कंपन्यांचा धंदा.

या चित्रपटाविषयी एक दंतकथा जगभर सांगितली जाते. दिग्दर्शक एडगर उल्मर यांनी तो सहा दिवसांत आणि वीस हजार डॉलरांत उरकला, अशी. स्वतः उल्मर यांनीच पुढे मुलाखतीत सहा दिवसांचं सांगितलं होतं. आता अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली आहेत. खर्च लाख डॉलरच्या पुढे गेला होता आणि दिवसही सहापेक्षा बरेच जास्त लागले होते. तरी रक्कम लहानच, पण मुद्दा वेगळा आहे. ‘इतक्या स्वस्तात केला हो!’ असं म्हणत आपण ज्या गोष्टीचं कौतुक करतो, ती या चित्रपटातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे. ‘डीटूर’ उभा आहे तो विचारावर. तो विचार असा: गुन्ह्याची हकीकत आरोपीच्याच तोंडून ऐकायची, आणि ऐकताना डोळे मात्र उघडे ठेवायचे.

अल रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कच्या एका क्लबात पियानो वाजवणारा तरुण. त्याची प्रेयसी सू, गायिका, नशीब काढायला हॉलिवूडला जाते. खिशात दमडी नाही, म्हणून तोही येईल-जाईल त्या गाडीला अंगठा दाखवत निघतो. ॲरिझोनात हॅस्केल नावाचा माणूस त्याला गाडीत घेतो. ही सगळी कथा अल आपल्याला सांगतो आहे, नेवाडातल्या एका रस्त्याकाठच्या खाणावळीत बसून, दाढीचे खुंट वाढलेले, समोर कॉफीचा कप. ज्यूकबॉक्सवर सूचं गाणं लागतं आणि तो खवळतो. मग खोलीतला उजेड हळूहळू मावळतो, फक्त डोळ्यांवर एक पट्टा उरतो, आणि पुढ्यातला कप पडद्यावर अवाढव्य दिसू लागतो. सेट नाही, गर्दी नाही. एक दिवा आणि एक कप यांच्या बळावर आपण त्या माणसाच्या डोक्यात शिरतो.

आता हॅस्केलचा मृत्यू नीट पाहा. रात्र आहे, हॅस्केल झोपलाय, गाडी अल चालवतोय. पाऊस सुरू होतो. गाडीचं छत चढवायचं म्हणून तो हॅस्केलला हलवतो. तो उठत नाही. अल उतरून पलीकडचं दार उघडतो आणि हॅस्केल बाहेर कोसळतो, डोकं दगडावर आपटतं. प्रवासात तो सारखा गोळ्या घेत होता, हे आपण पाहिलेलं आहे. तो आधीच गेला असावा. इथवर अल निर्दोष आहे. पण यापुढे आवाज एक सांगतो आणि पडदा दुसरंच दाखवतो. आवाज म्हणतो, पोलिसांनी माझ्यावर विश्वास ठेवलाच नसता, दुसरा मार्गच नव्हता. पडद्यावर मात्र एक माणूस प्रेत ओढून रस्त्यापासून दूर नेतो, त्याचे कपडे स्वतःच्या अंगावर चढवतो, पाकिटातले 768 डॉलर आणि ओळखपत्र घेतो, गाडीत बसतो. यातली कोणती गोष्ट नशिबाने केली? कपडे नशिबाने बदलले नाहीत. ‘नशीब’ हा शब्द अलच्या तोंडी जितका वारंवार येतो, तितका आपला त्याच्या हातांवरचा संशय वाढत जातो. आपल्याकडेही कर्म आणि दैव यांचा तंटा जुना आहे. ‘डीटूर’ तो तंटा निवाड्यासाठी आपल्यापुढे ठेवतो.

दुसऱ्या दिवशी अल एका बाईला गाडीत घेतो. व्हेरा. ती डोळे मिटून पडते. तिच्या चेहऱ्याकडे पाहत अल मनाशी तिच्याबद्दल हळवं काहीबाही बोलतो. एवढ्यात तिचे डोळे खाडकन उघडतात आणि ती थेट विचारते, त्या माणसाचं प्रेत कुठे टाकलंस? हॅस्केलने आधी हिलाच गाडीत घेतलं होतं. हॅस्केलच्या हातावर ओरखडे होते, तेही हिचेच. ॲन सॅव्हेज या अभिनेत्रीने केलेली व्हेरा त्या काळातल्या कुठल्याही मोठ्या नटीच्या भूमिकेशेजारी ठेवा, उणी पडणार नाही. केस मळके दिसावेत म्हणून उल्मर यांनी त्यांत कोल्ड क्रीम फासायला लावलं. संवादाचा वेग वाढवायला तिच्यासमोर ते चुटक्या वाजवत, अशी आठवण तिने पुढे सांगितली आहे. तो वेग ऐकताना आजही छातीत धडधडतं. व्हेरा त्याला कोंडीत पकडते, धमकावते, लॉस एंजेलिसच्या एका भाड्याच्या घरात त्याला जवळजवळ डांबून ठेवते. शेवटी दारूच्या नशेत, पोलिसांना कळवते म्हणत फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि कडी लावते. फोनची तार दाराखालून बाहेर आलेली. अल ती ओढतो. आत तार तिच्या गळ्यात आहे, हे त्याला दिसत नाही, असं तो सांगतो. मग कॅमेरा त्याच्या नजरेने खोलीतल्या एकेका वस्तूवरून फिरतो. काही वस्तू स्पष्ट होतात, काही पुन्हा धूसर होतात, आणि एवढा वेळ अखंड चाललेला त्याचा आवाज इथे काही उपयोगाचा राहत नाही.

हे करणारा माणूस कोण होता? उल्मर 1904 साली ओलोमोउत्सला जन्मले. ते गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. 1930च्या ‘पीपल ऑन संडे’ या बर्लिनच्या चित्रपटात रॉबर्ट सिओडमाक आणि बिली वाइल्डर यांच्यासोबत त्यांचा हात होता. 1934 साली युनिव्हर्सलसाठी ‘द ब्लॅक कॅट’ करून त्यांनी कंपनीला चांगला गल्ला मिळवून दिला. त्याच सुमारास मालक कार्ल लेमली यांच्या भाच्याच्या पत्नीवर, शर्लीवर त्यांचं प्रेम जडलं. ती नवऱ्याला सोडून त्यांच्याकडे आली आणि मोठ्या कंपन्यांची दारं उल्मर यांना बंद झाली. पुढचं सारं आयुष्य त्यांनी छोट्या निर्मात्यांकडे काढलं, यिडिश भाषेतही चित्रपट केले. शर्ली त्यांच्या बहुतेक चित्रपटांत संहितेची नोंद ठेवायला सेटवर असायची, ‘डीटूर’मध्येही. मला ही कहाणी दुर्दैवाची वाटत नाही. त्यांनी निवड केली आणि तिची किंमत मोजली. अल रॉबर्ट्सला नेमकं हेच जमलं नाही.

काटकसरीच्या खुणा चित्रपटात आहेतच. न्यूयॉर्कचा रस्ता उभारणं परवडत नव्हतं, म्हणून दाट धुकं सोडलं, त्यातून फक्त रस्त्यांच्या पाट्या डोकावतात. अल पश्चिमेला चाललाय, म्हणजे नकाशावर उजवीकडून डावीकडे. ती दिशा मोडू नये म्हणून काही दृश्यांची निगेटिव्ह उलटी छापली. त्यामुळे गाड्यांचे चालक उजव्या बाजूला बसलेले दिसतात. अमेरिकन प्रेक्षकाला ते लगेच खटकतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, कारण आपल्याकडे चालक उजवीकडेच बसतो.

शेवटाबद्दल एवढंच. गुन्हेगार मोकळा सुटता कामा नये, असा हॉलिवूडच्या नियमावलीचा दंडक होता. म्हणून अखेरीस पोलिसांची गाडी येते. पण ऐका, अल तेव्हाही भविष्यकाळात बोलतोय: कधीतरी एखादी गाडी थांबेल, अशा अर्थाचं. तेवढ्यात गाडी थांबते. ती खरी, की त्याच्या मनातली, याचा निर्णय मी अजून करू शकलेलो नाही.

हा चित्रपट अनेक वर्षं ओरखड्यांनी भरलेल्या, मधूनच तुटलेल्या प्रतींतून फिरत राहिला. 1992 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला जागा मिळाली. 2018 मध्ये बेल्जियमच्या संग्रहालयातली जुनी प्रत आधाराला घेऊन त्याचं नवीकरण झालं. त्या प्रतीवर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षकं छापलेली होती, ती चौकटी-चौकटीतून पुसून काढावी लागली. आता तो स्वच्छ पाहायला मिळतो. माझी आपल्याला विनंती आहे, दोनदा पाहा. पहिल्यांदा अलचं म्हणणं ऐकत पाहा. दुसऱ्यांदा हॅस्केल गाडीतून कोसळतो तिथपासून आवाज बंद करा आणि फक्त अलच्या हातांकडे बघा.