बंबवाल्यांची दिवाळी

अमेरिकेत नाताळच्या सुमारास बंबवाले गरिबांच्या मुलांसाठी खेळणी गोळा करून वाटतात. प्रथा चांगली आहे. पण देणाऱ्याच्या घरी सण होतो काय, हेही विचारले पाहिजे. सातारा-सांगलीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्याची ठिणगी कोठे पडेल याचा नेम नसतो. म्हणून बंबवाला ठाण्यावर असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळतात. तेव्हा फराळाचे ताट ठाण्यावर जरूर न्या. मात्र आम्ही कामगार चळवळीतली माणसे एवढेच सांगतो: ताट हे प्रेम आहे, पुरेशी माणसे, धड साधने आणि कायम नोकरी हा हक्क आहे. दोन्ही द्या.